विमानाखालचीं माणसें

दर वर्षीं ईस्टरच्या आधींच्या आठवड्यांत सकाळच्या प्रार्थनेनंतर शिक्षकांपैकीं कोणीतरी मुलांस चार शब्द सांगावे अशी आमच्या शाळेची जुनी वहिवाट आहे. पुष्कळ वर्षें हें काम माझ्याकडे आलें आहे, व पुष्कळ वर्षें मीं एकच गोष्ट सांगितली आहे. ती कॅनडाच्या हवाईदलांतील लेनर्ड बर्चल नांवाच्या वैमानिकाची. मुलांस ती आवडे. आणि खरें सांगावयाचें तर, ती सांगतांना मला स्वतःच्या आवाजाचाही थोडा मोह पडत असे.

१९४२ सालच्या आरंभीं जपानचें प्रबळ आरमार हिंदी महासागराकडे वळणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं. लंकेच्या रक्षणाकरितां कॅनडाच्या हवाईदलाची ४१३ क्रमांकाची तुकडी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरून निघाली, व हजारों मैलांचा प्रवास करून लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला येथें येऊं लागली. तिच्यापाशीं कॅटालिना जातीचीं विमानें होतीं. हीं पाण्यावरून उडत व पाण्यावरच उतरत. त्यांतील एक विमान घेऊन बर्चल व त्याचे आठ सोबती ४ एप्रिल रोजीं पहांटे निघाले. तो शनिवार होता. उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधला तो मुका दिवस. दिवसभर समुद्र धुंडाळून परत फिरण्याची वेळ झाली, तोंच दक्षिणेस क्षितिजावर ठिपके दिसले. तेव्हांच माघारीं वळतां आलें असतें. परंतु जहाजें कोणतीं, किती व कोणत्या दिशेस चाललीं आहेत, हें कळल्यावांचून अशा बातमीस किंमत नसते. ते जवळ गेले. जपानी लढाऊ विमानें त्यांच्या अंगावर आलीं. बातमी बिनतारी यंत्रानें तीन वेळां पाठवावी असा नियम होता. तिसऱ्या वेळीं ती अर्धी गेली असतां तोफेच्या गोळ्यानें यंत्रच फुटलें. विमान समुद्रांत पडलें. नऊ जणांपैकीं तिघे मेले, व सहा जण जपान्यांचे कैदी झाले. पण बातमी कोलंबोस पोहोंचली होती. दुसऱ्या दिवशीं, ईस्टरच्या सकाळीं, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हां शहर अगदीं गाफील नव्हतें. त्याच्याही दुसऱ्या दिवशीं, ६ एप्रिल रोजीं, आपल्या किनाऱ्यावर विशाखापट्टणम् व काकिनाडा येथें बाँब पडले. यावरून तें संकट आपल्या दारापासून किती दूर होतें हें दिसेल. बर्चलास लोक ‘लंकेचा तारणारा’ म्हणूं लागले. ईस्टरच्या आठवड्यांत वक्त्यास याहून सोयीचा शब्द कोठला मिळावयाचा? मी तेथेंच थांबत असें.

अठराएक वर्षांपूर्वीं मी असाच थांबलों असतां इयत्ता सातवींतील एका मुलानें हात वर केला. त्याचे वडील एस. टी. च्या आगारांत गाड्यांच्या दुरुस्तीचें काम करीत. तो म्हणाला, “सर, विमान एवढ्या लांबून आलें, आणि आल्याबरोबर पुन्हां उडालें. मध्यें तें तपासलें कोणीं?”

मीं म्हटलें, “तें पुस्तकांत नाहीं.” मुलें हंसलीं. तेवढ्यांत घंटा झाली.

हा मुलगा पुढें विमानांचा मोठा नादी झाला. त्याच्या भूमितीच्या वहीच्या समासांत त्रिकोणांपेक्षां पंखच अधिक असत. बारावीनंतर त्यानें वैमानिक होण्याची खटपट केली. लेखी परीक्षेंतून पारही पडला. परंतु डोळ्यांच्या तपासणींत तो उतरला नाहीं. कांहीं महिन्यांनीं हवाईदलांत यंत्रदुरुस्तीच्या शाखेंत त्याची निवड झाली, व पेढ्यांचा पुडा घेऊन तो शिक्षकांच्या खोलींत मला भेटावयास आला. त्याचा चेहरा आनंदानें फुलला होता. मला मात्र वाटलें कीं, हें सोंग आहे, आंतून बिचारा खट्टू झाला असेल. त्याचें सांत्वन करावें या हेतूनें मीं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलें, “असूं दे रे. विमान उडवितां नाहीं आलें, तरी निदान विमानाजवळ राहशील.”

त्याचा आनंद खरा होता. तो खरा होता हें मला कळलें तें तो मावळतांना पाहून. त्यानें नमस्कार केला व तो गेला. नोकरींत शिरल्यावर तो सुटींत गांवीं येई, असें कानावर येत असे. शाळेंत मात्र कधीं आला नाहीं. रजा थोडी, प्रवास लांबचा, त्याला वेळ मिळत नसेल, असें मीं स्वतःस समजाविलें. मनुष्य स्वतःस फार लवकर समजावूं शकतो.

येथें माझ्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजोबा मिशनच्या उद्योगशाळेंत सुतारकाम शिकले. त्यांच्या रंध्यावर आमचें घर वर आलें. माझे वडील शिकले, मी पदवीधर झालों. आमच्या प्रभूनेंही सुतारशाळेंत दिवस काढले असें मी मुलांस वर्षांतून चार वेळां सांगतों. आणि अशा घरचा मी, एका कारागिराच्या मुलास ‘निदान’ म्हणालों!

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी माझ्या धाकट्या बहिणीकडे कॅनडांत गेलों होतों. ती ऑन्टारिओ प्रांतांत हॅमिल्टन येथें परिचारिका आहे. तेथील विमानतळालगत जुन्या लढाऊ विमानांचें एक संग्रहालय आहे. बर्चलाची गोष्ट इतकीं वर्षें सांगितली, तेव्हां हें पाहिल्यावांचून परत जाऊं नये म्हणून बहिणीनें रजेच्या दिवशीं मला तेथें नेलें. त्या प्रचंड पडवीसारख्या इमारतींत एक लँकेस्टर विमान उभें आहे. चार एंजिनें, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुमारें ३१ मीटर पंख, आणि खालून पाहतांना गाभणी म्हैस आठवावी असें पोट. हीं विमानें कॅनडांत माल्टन येथें ४३० बांधलीं गेलीं. आतां आकाशांत उडूं शकणारीं लँकेस्टर विमानें साऱ्या जगांत दोनच उरलीं आहेत, व त्यांतील हें एक. हें पूर्वीं कित्येक वर्षें ऑन्टारिओंतील गॉडरिच गांवीं उघड्यावर स्मारक म्हणून उभें होतें. त्यास खालीं उतरवून, सोलून, सांधून १९८८ सालीं पुन्हां उडतें केलें.

एंजिनाखालीं तेलाचे थेंब झेलण्याकरितां ताटें ठेविलीं होतीं. एक वृद्ध गृहस्थ त्यांतील एक ताट पुसत होते. ऐंशी वर्षें उलटलेलीं दिसत होतीं. ते तेथें वेतनावांचून काम करणाऱ्यांपैकीं होते. हवाईदलांत होतां काय, असें मीं विचारलें. होय, म्हणाले. मग माझ्या तोंडून आपोआप पुढचा प्रश्न गेला: “म्हणजे आपण वैमानिक होतां?”

“नाहीं,” ते म्हणाले, “मी यंत्रें पाहत असें.” आणि फडक्याची घडी उलटून पुन्हां पुसूं लागले. थोड्या वेळानें माझ्याकडे न पाहतांच त्यांनीं पुस्ती जोडली, “मीं ज्या विमानावर सही केली, तें परत येत असे.”

या सहीचा अर्थ त्यांनींच मला समजावून दिला. विमानाच्या कोणत्याही भागास हात लावला कीं काय केलें हें वहींत लिहून करणारानें सही करावयाची. पंख-शेपटीचीं हलतीं पातीं व त्यांना ओढणाऱ्या तारा अशा ठिकाणीं काम झालें असेल, तर दुसऱ्या जाणत्यानें तें स्वतंत्रपणें तपासून स्वतःचीही सही करावयाची. पहिल्याचें नुसतें ‘झालें’ त्यास पुरत नाहीं. मग वैमानिक येतो, त्या सह्या वाचतो, व त्यांच्याखालीं आपली सही करून विमान ताब्यांत घेतो. त्यानें आंतील खिळा न् खिळा पाहिलेला नसतो. दोन नांवांवर विश्वास ठेवून तो आकाशांत जातो. आमच्या उपासनेंत विश्वास या शब्दाचा उच्चार वारंवार होतो. त्या वहीइतकी सरळ त्याची व्याख्या मीं ऐकिली नव्हती.

त्या विमानाच्या अंगावर अँड्र्यू मिनार्स्की याचें स्मरण म्हणून त्याच्या विमानाचीं अक्षरें रंगविलेलीं आहेत. हा विनिपेगचा राहणारा, पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. वडील लवकर वारले, तेव्हां कातडें कापण्याच्या कामावर राहून त्यानें घरास हातभार लावला. कातड्याचें काम करणारास आपल्या समाजानें कोठें बसविलें होतें हें या अंकाच्या वाचकांस मीं सांगावयास नको. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आज्यापणज्यांस तें चांगलें ठाऊक होतें. मिनार्स्की हवाईदलांत गेला तो वैमानिक म्हणून नव्हे, तर गोलंदाज म्हणून. विमानाच्या पाठीवरील कांचेच्या घुमटींत त्याची जागा, आणि अगदीं शेपटाच्या टोंकाशीं दुसऱ्या घुमटींत त्याचा मित्र पॅट ब्रॉफी. १९४४ च्या १२ जूनच्या रात्रीं त्यांचें लँकेस्टर फ्रान्समध्यें कांब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर बाँब टाकण्यास निघालें. जर्मन विमानानें खालून गोळे मारले. डाव्या अंगाचीं दोन्ही एंजिनें गेलीं. दोघां गोलंदाजांच्या मधल्या भागांत आग लागली. कप्तानानें उडी टाकण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की आपल्या घुमटींतून उतरून दारापाशीं आला. आतां एक पाऊल टाकावें, आणि छत्री उघडावी. परंतु त्यानें वळून पाहिलें, तों ब्रॉफीची घुमटी अडकलेली. ती फिरेना, दार उघडेना. हातानें फिरविण्याची मूठही तुटून गेली होती. मिनार्स्की ज्वाळांतून गुडघ्यांवर रांगत तेथें गेला. कुऱ्हाडीनें व मग नुसत्या हातांनीं त्यानें ती घुमटी फोडण्याचा प्रयत्न केला. त्याच्या कपड्यांनीं पेट घेतला. आंतून ब्रॉफी त्याला हातानें खुणावीत होता, जा, जा. अखेर तो पाठमोरा न होतां, मित्राकडे तोंड ठेवूनच, आगींतून मागें सरकत दारापाशीं गेला, सरळ उभा राहिला, आणि त्यानें ब्रॉफीस लष्करी सलाम केला. मग जळत्या कपड्यांनिशीं त्यानें उडी घेतली. खालच्या फ्रेंच लोकांनीं त्यास उचललें, पण भाजल्यामुळें तो लवकरच मरण पावला.

आणि ब्रॉफी जगला. विमान जमिनीवर आदळतांना झाडाचा धक्का बसून घुमटी मोकळी झाली व तो दूर फेंकला गेला. विमानांतील इतर सारेही वांचले होते. परंतु त्या शेपटांत काय घडलें हें पाहणारा जिवंत मनुष्य एकच होता. त्यानें परत येऊन तें सांगितलें, म्हणून ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं मिनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रॉफीचा अंत त्या रात्रीं झाला असता, तर मिनार्स्की हा अंग भाजून मेलेला एक सैनिक, एवढेंच जगास कळलें असतें.

मला त्या इमारतींत उभें असतां हेंच राहून राहून टोंचूं लागलें. आगींतील त्या मनुष्यास एक साक्षी मिळाला. विमानाखालच्या माणसांस तोही बहुधा मिळत नाहीं. ब्रिटनमधील तळांवर कॅनडाच्या विमानांची देखभाल करणारे तरुण, आपलें विमान रात्रीं वैमानिकांस उसनें दिलें आहे असेंच समजत. पहांटे थंडींत उभे राहून परतणारीं विमानें मोजीत. आपल्या विमानाची उभी राहण्याची जागा रिकामीच राहिली, तर त्यांस कोणी सांत्वनाचें पत्र पाठवीत नसे. दुपारीं दुसरें विमान येई, त्याखालीं शिरावयाचें. ब्रिटनच्या बाँबफेक्या दलांत त्या युद्धांत कॅनडाचे सुमारें १०,००० तरुण पडले. तेव्हां अशा रिकाम्या जागा किती असतील याचा हिशेब वाचकांनींच करावा.

कॅनडांतील थंडी मीं पाहिली नाहीं. मी मे महिन्यांत गेलों. पण त्या वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें तें ऐकूनच माझीं बोटें आंखडलीं. शून्याखालीं तीस-चाळीस अंश थंडी पडली कीं एंजिनांतील तेल गोठून काकवीसारखें होतें. उत्तरेकडील रानांत विमानें नेणारे जुने लोक संध्याकाळीं तेल काढून घेत, तें घरांत विस्तवाजवळ ठेवीत, व सकाळीं एंजिनावर जाड कापडाचा तंबू घालून, खालीं शेगडी पेटवून, तें ऊन तेल परत ओतीत. तंबू पेटूं नये म्हणून एकानें आंत बसून पहारा करावयाचा. हातमोजे घालावे तर बारीक पेंच धरतां येत नाहीं. काढावे तर कातडी लोखंडास चिकटते.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश राष्ट्रकुलाची हवाई शिक्षणयोजना कॅनडांत चालली. डिसेंबर १९३९ मध्यें तिचा करार झाला व मार्च १९४५ अखेर ती संपली. तेवढ्यांत १,३१,५५३ वैमानिक, मार्गदर्शक, गोलंदाज व बिनतारीवाले तेथून तयार होऊन बाहेर पडले. हा आंकडा पुष्कळ पुस्तकांत सांपडतो. पण ऐन भरांत तो कारखाना चालविण्यास एका वेळीं एक लाखांहून अधिक माणसें राबत होतीं, हा दुसरा आंकडा वाचणारे बहुधा पुढें सरकतात. मीही सरकलों होतों. यंत्रकाम शिकविण्याकरितां ऑन्टारिओंतील सेंट टॉमस येथें, मनोरुग्णांसाठीं नव्यानें बांधलेल्या विस्तीर्ण इमारतींत शाळा घातली होती. (तेथील विद्यार्थ्यांनीं यावरून किती विनोद केले असतील! आमच्या शाळेचीं मुलें असतीं तर सोडतीं ना.) १९४१ च्या जुलैपासून स्त्रियांचीही शाखा निघाली, व युद्ध संपेपर्यंत १७,००० वर स्त्रिया तिच्यांत आल्या. पुरुषांनीं उडावें म्हणून आम्ही सेवा करतों, असें तिचें ब्रीद होतें. तें आज थोडें खटकतें. तथापि सेवा या शब्दास त्यांनीं कमीपणा मानला नाहीं, हें मनांत राहतें.

आपल्या भूमीवरही ही माणसें येऊन गेलीं. १९४४ सालीं कॅनडाच्या हवाईदलाच्या ४३५ व ४३६ क्रमांकांच्या तुकड्या पंजाबांत गुजरात येथें, जो भाग आतां पाकिस्तानांत आहे, उभ्या करण्यांत आल्या. मणिपूरच्या खोऱ्यांतून डाकोटा विमानें ब्रह्मदेशांतील सैन्यास धान्य व दारूगोळा पोहोंचवीत. विमान रानावर खालीं आलें कीं उघड्या दारापाशीं निजून पायांनीं पोतीं ढकलणारीं माणसें आंत असत. त्यांचीं नांवें मीं कोठें वाचलीं नाहींत.

एल्सी मॅकगिल या बाईचें नांव मात्र मुलींनीं लक्षांत ठेवावें. पोलिओनें पाय अधू झाल्यामुळें ती काठ्यांवर चाले. फोर्ट विल्यम येथील कारखान्यांत ती मुख्य विमान-अभियंता होती, व तिच्या देखरेखीखालीं हरिकेन जातीचीं १,४०० वर लढाऊ विमानें तयार झालीं. तिला स्वतःस विमान चालवितां येत नसे. पण आपल्या हाताखालचें नवें विमान प्रथम उडावयाचें असलें, कीं ती परीक्षक वैमानिकाबरोबर आंत जाऊन बसे. कॅनडाच्या हवाईदलाच्या ‘स्नोबर्ड्स’ या कसरती तुकडींतही, १९७१ सालीं ती निघाल्यापासून, अशीच चाल पडली. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं खेळास जातांना वैमानिकाच्या शेजारच्या जागेवर त्या विमानाचा यंत्रज्ञ बसे. सही केली आहे ना, मग चल बरोबर!

परत आल्यावर मीं त्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडून त्याचा पत्ता घेतला. ते आतां निवृत्त झाले आहेत. घरापुढें कोणाची तरी मोटारसायकल उघडून बसले होते. पत्र लिहिणें सोपें गेलें नाहीं. विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची संवय शिक्षकास नसते. तीन कागद फाडले, चौथा पाठविला. बर्चलाच्या विमानाविषयींचा तुझा प्रश्न बरोबर होता, व माझें उत्तर चुकीचें होतें, असें लिहिलें. कोग्गला येथें पाण्यांत उभे राहून तें विमान किनाऱ्यास ओढणारे, होडींतून त्यांत पेट्रोल भरणारे, त्याचीं दोन एंजिनें पाहणारे कोणीतरी असलेच पाहिजेत. त्यांच्यावांचून ती बातमी कोलंबोस पोहोंचती ना. आणि पेढ्यांच्या दिवशींच्या त्या वाक्याबद्दलही लिहिलें.

तीन आठवड्यांनीं भ्रमणध्वनीवर त्याचा लांबलचक निरोप आला. त्या वाक्याविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. तो विसरला असेल, किंवा विसरला नसेल. एक हकीकत मात्र त्यानें सविस्तर लिहिली होती. काम संपल्यावर अवजारें मोजून पेटींत परत ठेवावयाचीं असतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, रिकामी जागा लगेच दिसते. एके संध्याकाळीं त्याचा एक लहान पाना कमी भरला. विमान उडावयास सज्ज होतें, वैमानिक येऊन उभा होता. तो पाना विमानाच्या पोटांत कोठें राहिला असेल तर आकाशांत कोणती तार अडकेल याचा नेम नाहीं. त्याला गप्प बसतां आलें असतें. मोजदाद त्यानेंच केली होती. त्यानें जाऊन सांगितलें. उड्डाण थांबलें. पत्रे उघडले, चार माणसें दिवे घेऊन अडीच तास शोधीत राहिलीं. पाना सांपडला तो त्याच्याच डांगरीच्या मागच्या खिशांत. वरिष्ठांनीं सर्वांसमक्ष त्याची हजेरी घेतली. वैमानिक जातांना त्याच्या शेजारीं क्षणभर थांबला, कांहीं बोलला नाहीं, व सही करून विमानांत चढला.

ही गोष्ट मुलांस खुशाल सांगावी, मात्र नांव सांगूं नये, असें त्यानें लिहिलें आहे. पण ती मीं कशाला सांगावी? पुढील ईस्टरच्या आठवड्यांत त्याला रजा मिळण्यासारखी आहे. मीं मुख्याध्यापकांस विचारून ठेविलें आहे. प्रार्थनेनंतरचीं पंधरा मिनिटें त्याचीं.